एका हाकेत लागणारा फोन

कुलदीपने मेलबर्नहून आईसाठी फोन पाठवला, तेव्हा तो आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या हातांतून फिरला. माझा नवरा अनिकेत तर वेडावलाच. त्याने गॅलरीतून समोरच्या टाकीवरच्या कबुतराचा फोटो काढला आणि मोठा करून त्याचा डोळा दाखवला. मला विचाराल तर हातात जड, गुळगुळीत आणि निसटली की गेलीच, अशी ती वस्तू. पण मला कुणी विचारलं नाही.

कुलदीपचे आईवडील, म्हणजे भामाकाकू आणि मुकुंदकाका, कुकटपल्लीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. काकांचं उभं आयुष्य शहराच्या दुसऱ्या टोकाला गौलीगुड्यात, सायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलं. काकूंना विसर पडायला लागला तसं दुकान बंद करून ते इकडे आले. काकूंच्या डोक्यात मात्र घर म्हणजे गौलीगुडाच राहिलं. दार उघडं दिसलं की त्या पिशवी घेऊन निघायच्या. एकदा बसस्टॉपवर सापडल्या. पुढच्या खेपेला तर अंधार पडेपर्यंत पत्ता नव्हता. काकू पुन्हा हरवल्या तर त्यांनी काकांना बोलवायचं कसं, एवढीच एक काळजी त्या घरात उरली होती.

फोन त्यासाठीच आला होता. आकडे, बटणं काकूंच्या आवाक्याबाहेर गेली होती. हा फोन चेहरा दाखवला की उघडायचा, आणि कडेचं एक बटण दाबून नाव घेतलं की लागायचा, मराठीतसुद्धा. काकांनी सगळं तपासून पाहिलं. अंधारात, चष्म्याशिवाय, डोक्यावर पदर घेऊन, काकूंना फोनने दर वेळी ओळखलं.

"बघ, बराबर पहचानतो," काका खुशीत म्हणाले. मी फोन गळ्यात अडकवायला एक दोरी विणून दिली.

"आता मुकुंदराव म्हण, भामा. बस."

काकूंनी मान खाली घातली. त्यांनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. लग्नात उखाणा घेतानाही नेमक्या नावाशी येऊन त्या खोकल्या होत्या, हे काका येईल त्याला सांगत. एकदा तरी तुझ्या तोंडून ऐकू दे, ही त्यांची जुनी थट्टा. व्हिडिओ कॉलवर कुलदीप चिडला. "आई, इमर्जन्सीला तरी घे ना." काकूंनी बटण दाबलं आणि फोनच्या कानात सांगावं तसं म्हणाल्या, "आमचे हे." असं कुणी सापडत नाही, असं फोनने कळवलं.

मला हसू आलं. मी अनिकेतला अनिकेतच म्हणते, पण माझ्या आईनेही बाबांचं नाव कधी घेतलं नाही. कबुतराचा डोळा दिसणाऱ्या या फोनला एवढी साधी गोष्ट कुणी शिकवली नव्हती. मी काकांचं नाव तसंच ठेवून खाली टोपणनाव लिहिलं, 'अहो'. काकूंनी बटण दाबून "अहो" म्हटलं आणि काकांच्या खिशातला फोन वाजला. काकू चक्क लाजल्या.

पुढचे काही आठवडे मजेत गेले. हॉलमधून स्वयंपाकघरात फोन जायचा.

"अहो, कुठं हाव तुम्ही?"

"इथंच, चहा करायलोय."

उन्हाळा सुरू झाला आणि काकू आणखी विसरल्या. काका जवळ आले की अंग चोरून बसू लागल्या. त्यांनी ताट आणलं तर म्हणत, "घरचे आल्यावर जेवीन." काकांनी हाय खाल्ली, पण हट्ट सोडला नाही. रोज समोर बसून तेच तेच शिकवायचे. रस्ता चुकला, भीती वाटली, की मुकुंदराव म्हणायचं. मुकुंदराव येतो. मुकुंदराव घरी पोचवतो.

"अहो चालतंय की, काका," मी म्हटलं.

"अहो आता कुणालाबी म्हणायलीय, नीलिमा. वॉचमनला बी. नाव पक्कं पाहिजे."

परवा दुपारी त्यांचा डबा परत द्यायला गेले. काका आत चहा करत होते. काकू खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी फोन तोंडासमोर धरला, बटण दाबलं आणि म्हणाल्या, "मुकुंदराव."

स्पष्ट, न अडखळता, पदर न सावरता.

काकांच्या खिशातला फोन वाजला. तो कानाला लावून ते स्वयंपाकघराच्या दारात आले. त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, नवरदेवाचा असतो तसा. "घेतलं बघ नाव," ते मला म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, पाठ वळवली आणि आवाज बारीक करून फोनमध्ये बोलू लागल्या.

"मुकुंदराव, तुम्ही घरी पोचवता म्हणे. इथं कुणी म्हातारा माणूस हाय, मला बाहेर जाऊ देईना. आमच्या ह्यांना निरोप द्या. दुकानात असतील. मला न्यायला या म्हणावं."

काका दारातच थांबले. आत चहा उतू गेल्याचा वास आला. मला रडू आवरेना. त्या फोनचा मला इतका राग आला की वाटलं, हिसकावून गॅलरीतून खाली फेकावा.

"हौ, बाई," काका फोनमध्ये म्हणाले. "सांगतो त्यांना."

"नक्की सांगाल ना?"

"नक्की."

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्या पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या दाराकडे बघत बसल्या. काकांनी गॅस बंद केला आणि काकूंना दिसणार नाही असे, भिंतीच्या आडोशाला स्टूल घेऊन बसले.

मी निघत होते तेवढ्यात कुलदीपचा फोन आला. "कसा वाटतोय फोन, बाबा? आई वापरते का?"

"वापरते की," काका म्हणाले. "आज माझं नाव घेतलं तिनं. एकदम साफ ऐकू आलं."