उजेडाकडे तोंड करून

मी शारजाला निघाले त्या दुपारी बाबा माझ्यापुढे उलटे चालत होते. बदलापूरच्या बेलवलीतलं आमचं घर गल्लीच्या पार आतल्या टोकाला. गाडी आत येत नाही, म्हणून नाक्यापर्यंत चालावं लागलं. माझी बॅग त्यांच्या खांद्यावर, तोंड माझ्याकडे आणि पाठ रस्त्याकडे. मागे गटार आलं, कुत्रं आलं, की माझा भाऊ विकास त्यांना दंडाला धरून बाजूला घ्यायचा. गल्लीत कुणी हसलं नाही. बाबा घरच्यांशी बोलायला लागले की असेच चालतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना ऐकू येत नाही. ते ओठ वाचतात, आणि ओठ वाचायचे तर तोंड समोर लागतं.

गाडीत बसताना मी म्हटलं, "जय भीम, बाबा." हे त्यांना कधी दोनदा सांगावं लागत नाही. 'भीम' म्हणताना ओठ दोनदा मिटतात, ते लांबूनही दिसतं. त्यांनी हात वर केला आणि आपल्या नेहमीच्या दणदणीत आवाजात बजावलं, "शुक्रवारी. तोंड दाखवून बोलायचं." स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नाही, त्यामुळे आमच्या घरातल्या गोष्टी अख्ख्या बेलवलीला पाठ असतात.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनवर होते. कानात कापूस घालणं म्हणजे नाजूकपणा, असं तिथल्या सगळ्यांनाच वाटायचं. मी शाळेत होते तेव्हा त्यांचे कान हळूहळू गेले. आधी आईची हाक गेली, मग कुकरची शिट्टी, मग सगळंच. घराने मात्र हाय खाल्ली नाही, नियम केले. पाठमोरं बोलायचं नाही. तोंडात घास घेऊन बोलायचं नाही. एका वेळी एकानेच बोलायचं, आणि बोलणाऱ्याने उजेडाकडे तोंड करून बसायचं. लोडशेडिंगच्या संध्याकाळी बोलणाऱ्याने टॉर्च आपल्याच चेहऱ्यावर धरायची. टॉर्च ज्याच्या हातात, बोलायची पाळी त्याची. विकासची आणि माझी निम्मी भांडणं त्या टॉर्चवरून झाली.

पुढे मी नर्स झाले आणि शारजाच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली. घराला गरज होती हे खरं, पण मला जायचंही होतं, हे सरळ लिहून टाकते. आपल्याकडे मुलगी घराबाहेर पडली की तिने डोळ्यांत पाणी आणून घरासाठी गेले म्हणायचं असतं. मी दोन्हींसाठी गेले. बाबांनी नाही म्हटलं नाही, एक अट घातली. "दर शुक्रवारी तुझं तोंड मला दिसलं पाहिजे. चिठ्ठीत कुणीही मजेत असतं. दिसलं नाही तर नोकरीच्या कराराची मुदत संपली की परत यायचं." त्यांचं म्हणणं, माणूस शब्दांत खोटं बोलतो, पण हनुवटी खोटं बोलत नाही.

म्हणून आम्ही तयारी केली. कुळगावात स्टेशनजवळ एक सायबर कॅफे होता. मी एका खोपटात, बाबा आणि विकास पलीकडच्या खोपटात, मध्ये प्लायवूडची भिंत, आणि आम्ही वेबकॅमवर बोलण्याचा सराव करायचो. चित्र अडकत अडकत यायचं. पहिल्या दिवशी बाबा वैतागले, "ही पोरगी पोळी लाटतेय का बोलतेय?" मग आम्ही युक्ती काढली. मी लहान वाक्य बोलून थांबायचं, ते वाक्य बाबांनी म्हणून दाखवायचं, बरोबर असलं तर मी मान हलवायची. जायच्या आधी आम्ही इतके तयार झालो होतो की बाबा पलीकडून हसले तर मला आधी भिंतीतून ऐकू यायचं आणि मग पडद्यावर दिसायचं.

शारजातला पहिला शुक्रवार. केस विंचरले, पावडर लावली, रूमजवळच्या कॅफेत खिडकीकडे तोंड होईल अशी जागा धरली. कॉल लावला तर पडद्यावर एक पान आलं, अरबीत आणि इंग्रजीत. ही सेवा या देशात चालत नाही. मला वाटलं माझंच काही चुकलं, म्हणून पुन्हा लावलं. काउंटरवरचा पठाण म्हणाला, "बहन, इधर नहीं चलता. सिर्फ टेलिफोन चलता है." इंटरनेटवरून बोलायला त्या देशात बंदी होती. मला नोकरी देणाऱ्यांनी, माझे कागद करणाऱ्या एजंटने, कुणीच सांगितलं नव्हतं. सांगतील कशाला? त्यांच्या दृष्टीने टेलिफोन होताच की.

टाइप केलेलं मात्र जात होतं. मी विकासला लिहिलं, नाही चालत. त्याने लिहिलं, बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत. त्याने त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "लाइन येईल. बसू." ते रिकाम्या पडद्याकडे बघत बसून राहिले, आणि मी इकडे. माझ्या हॉस्पिटलातून माणसाच्या फुप्फुसाचा फोटो जगात कुठेही जात होता, माझं तोंड बदलापूरला जात नव्हतं. मी त्या दिवशी खूप रडले, आणि मग मला भयंकर राग आला. रागाचा मला नेहमी फायदाच झाला आहे.

माझी रूममेट लिजी केरळची. तिच्या चुलतभावाला त्या बंदीतून निसटायची एक आडवाट माहीत होती. एका शुक्रवारी तिने ती लावून दिली. बाबांचा चेहरा आला, चौकोन चौकोन होऊन, मी "बाबा" म्हटलं आणि चित्र गेलं. पुढच्या खेपेला तीही वाट बंद. लिजी म्हणाली, दुसरी शोधू. मी नको म्हटलं. मी हट्टी आहे, पण वेडी नाही. ज्या व्हिसावर घर उभं आहे तो अशा खेळावर लावायचा नव्हता.

राहिला टेलिफोन. आणि तो आमच्या घरात अर्धाच चालायचा. बाबा बोलले की मला ऐकू यायचं, मी बोलले की त्यांना नाही. मग आईने कानाला फोन लावायचा, माझं ऐकायचं आणि बाबांकडे तोंड करून त्यांना सांगायचं. आई साधी, पण या कामात बेरकी. मी सांगायचे, "सुपरवायझर त्रास देतेय, पाय सुजतात, जेवण जात नाही." आई बाबांना सांगायची, "मजेत आहे म्हणते." मागून बाबांचा आवाज यायचा, "एवढा वेळ बोलली आणि एवढंच? तू मधलं खातेस." मांजर्लीचे मामा घरी येऊन सांगून गेले, अट मोडली, पोरीला बोलवून घ्या. बाबांनी फोनवर मला तेच ऐकवलं, "मुदत संपली की ये. न बघता मी कशावर विश्वास ठेवू?" मला त्यांना उत्तर द्यायचं होतं, आणि ते आईच्या तोंडून जाणार नव्हतं.

वाट सापडली ती एका वाया गेलेल्या भेटीमुळे. मी बाबांसाठी जंगली प्राण्यांची एक डीव्हीडी पाठवली होती. वाघ बघायला कान लागत नाहीत. ती आमच्या प्लेअरवर चालेचना. विकास ती घेऊन उल्हासनगरला गेला, जिथून प्लेअर आणला होता त्या सिंधी दुकानदाराकडे. विकासने नंतर मला फोनवर त्याची नक्कल करून दाखवली. "अरे भाई, ये उधर का माल है. प्रत्येक मुलखाचं आपलं आपलं लॉक असतं, अपना प्लेअर नाही उचलणार. कंपनीच्या पिक्चरला लॉक. घरची शूटिंग असेल ना, शादी वगैरे, ती कुठेपण चालते."

घरची शूटिंग. मी दुसऱ्याच दिवशी लिजीचा डिजिटल कॅमेरा मागून घेतला. त्यात थोडा वेळ व्हिडिओ निघायचा. रूमच्या खिडकीतून खाडी दिसते, ती बाबांना दिसावी म्हणून मी खिडकीपुढे उभी राहिले आणि मनातलं सगळं बोलले. शेवटी जय भीम म्हटलं. सीडी करून कल्याणला जाणाऱ्या एका सिस्टरच्या हाती पाठवली. आणि फोनची वाट बघत बसले.

फोन आला. आईने हॅलो म्हणायच्या आत बाबांनी तो ओढून घेतला असावा. "खाडी दिसली. तू दिसली नाहीस. उजेड पाठीला घेऊन उभी राहिलीस, तोंडाच्या जागी नुसता काळोख. घर विसरलीस काय?"

मी उत्तर दिलं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं. परक्या देशाची बंदी मी समजू शकत होते, पण हा अंधार मीच केला होता. ज्या नियमात मी वाढले तो मी खाडी दाखवायच्या नादात सोडला. त्या एका वाक्याने मला लागलं तेवढं त्या बंदीच्या पानानेही लागलं नव्हतं.

दुसरी सीडी मी खिडकीकडे तोंड करून काढली. मागे नुसती भिंत. सावकाश, लहान वाक्यं, प्रत्येक वाक्यानंतर त्यांना म्हणून बघता येईल इतकी थांबत. "बाबा, पाय सुजतात. सुपरवायझर कडक आहे. पहिले काही महिने मी रोज रडले. आता रडत नाही. मला अजून दोन वर्षं राहायचं आहे. मला हे काम येतं आणि ते मला आवडतं. तुम्ही ये म्हणालात तर येईन, पण आधी माझ्याकडे बघा."

विकास सांगतो, बाबांनी ती सीडी दुपारभर लावली. मागे नेली, थांबवली, टीव्हीला नाक लावून बघितली. आई मधे सांगायला लागली तर तिला हाताने गप्प केलं. मग मला फोन आला.

"सुजाता, बघितलं. थकलीयस. पण घाबरलेली नाहीस." मग एकच शब्द म्हणाले, "राहा."

त्यानंतर कुणी ना कुणी कल्याण-बदलापूरकडे जायचं त्याच्या हातून सीडी जात राहिल्या. मी म्हटलं, तुमचीही एक काढून पाठवा. विकासकडून निरोप आला, बाबा म्हणतात मला बघून काय करणार, तिला ऐकू येतं की. त्यामुळे ती सगळी वर्षं त्यांनी मला पाहिलं आणि मी त्यांना नुसतं ऐकलं.

जे माझ्यासारखे गेले त्यांना माहीत आहे, एखादा देश आपल्याला कामाला घेतो आणि आपल्या घराला दाराबाहेर ठेवतो. मागे राहिलेल्यांना हे सांगून पटत नाही, त्यांना वाटतं आपणच बोलायचं टाळतो. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं आहे. जिथे माणूस बोलायच्या आधी समोरच्यासाठी उजेडाकडे वळतो, ते घर. मग ते बेलवलीत असो की शारजातल्या माझ्या वॉर्डात, जिथे म्हाताऱ्या पेशंटशी बोलताना मी अजूनही आधी खिडकी शोधते.

इतक्या वर्षांनी मिळालेल्या पहिल्या सुट्टीत मी बदलापूरला आले त्या संध्याकाळी दिवे गेले. सवयीने मी फळीवरची टॉर्च उचलली आणि स्वतःच्या तोंडावर धरली. बाबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि आपल्या चेहऱ्यावर धरली. गाल बसले होते, भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, यातलं काही त्यांच्या आवाजात कधी आलं नव्हतं.

"मी तुला बघितलं," ते म्हणाले. "आता तू मला बघ."