मेटगळ्ळीत पडलेला पाऊस

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही काही आमच्या घरी जेवायला येणार नाही — आणि सासूबाई तुम्हाला वाढणार नाहीत.

हवामानाचा अंदाज सांगणं हे माझं पोटापाण्याचं काम. साताऱ्याहून म्हैसूरला बदलून आलो, इथल्याच एका जुन्या मराठी घरातली मुलगी केली आणि विजयनगरात सासूबाईंच्या घरी, त्यांच्यासोबतच वरच्या मजल्यावर राहिलो. इथले ऋतू ओळखायला उपकरणं लागत नाहीत हे मला पहिल्याच वर्षी कळलं. शेजारी कानटोपी घालून दूध आणायला निघाले की हिवाळा — तेव्हा माझा पंखा चालू असतो. दसऱ्याच्या मिरवणुकीत भिजायला होईल का, असं लोक विचारायला लागले की पावसाळा दुसऱ्यांदा आला. उरलेलं वर्षभर सगळे म्हणतात, यंदा हवा बिघडली. आणि बघतात माझ्याकडे.

अंदाज चुकायचे. कुणाचे चुकत नाहीत? शेजारचे कदमराव मला फाटकाशी गाठून विचारायचे, कुठाय तुमचा पाऊस? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई वरून ओरडायच्या, “मेटगळ्ळीत पडला की ओ! धो धो! तुम्ही सुम्ने घरात बसलासा, तुम्हाला कसं गोत्तु?” सुम्ने म्हणजे उगाच, गोत्तु म्हणजे ठाऊक; त्यांच्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं. मेटगळ्ळी म्हणजे कारखान्यांचा भाग, तशी जवळच. पण पावसाची खातरजमा करायला तिकडे कोण जाणार? वर्षानुवर्षं माझा प्रत्येक हुकलेला पाऊस त्या मेटगळ्ळीत पाडत आल्या. माझ्यासाठी त्या बिनदिक्कत खोटं बोलायच्या.

मला लेखक व्हायचं होतं, हेही सांगायला हवं. ऋतूंवर गमतीदार लेख लिहून मी महाराष्ट्रातल्या एका दिवाळी अंकाला पाठवायचो. ‘विचाराधीन’ असं उत्तर यायचं. ‘अंशतः ढगाळ’ लिहिणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ काय समजावून सांगायचा? शेवटी संपादकांनी फोन करून सांगितलं, की तुमच्या लेखात ऋतू आहेत, पण माणूस नाही.

मग मी माणूस घातला.

कुणाला घातलं, हे तुम्ही ओळखलंच असेल — पण कसं घातलं ते माझ्या तोंडून ऐका. त्यांचं ‘गोत्तु’, त्यांचं ‘सुम्ने’, सगळं जसंच्या तसं उचललं, त्यावर थोडं माझ्या पदरचं चढवलं. मेटगळ्ळीचा पाऊस घातला. आणि एक वाक्य लिहिलं, ज्यावर मी स्वतःच हसलो होतो — ‘ज्यांना एकही भाषा धड येत नाही, अशी माणसं हवेबद्दल फार बोलतात.’ लेख लगेच छापून आला. संपादकांनी तेच वाक्य चौकटीत टाकलं.

सासूबाई कन्नड शाळेत शिकलेल्या, देवनागरी त्यांना वाचता येत नाही. बायकोला येते, पण माझं विनोदी लेखन वाचण्याची चूक तिने कधी केली नाही. अंक आला त्या दुपारी सासूबाई हात पुसून समोर येऊन बसल्या. वाचा म्हणाल्या.

मी वाचलं. म्हणजे — अंक हातात धरून मनचं बोललो. या घराने कैक पिढ्या परमुलखात मराठी जपली, ती यांच्यामुळे, असं काहीतरी. त्यांनी पदराने डोळे टिपले. ते वाक्य पुन्हा वाचा म्हणाल्या. मला ते आठवेना! मी दुसरंच जुळवून म्हटलं, आणि त्या तेही ऐकून खूश झाल्या. तेव्हाच अंक लपवून ठेवावा, हरवला म्हणावं — इतकं साधं मला का सुचलं नाही? सुचलं होतं. पण माझं नाव छापलेला तो एकच अंक घरात होता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या तो पिशवीत घालून घेऊन गेल्या. आमच्या जावयांनी माझ्यावर लिहिलंय म्हणून. संध्याकाळी त्यांना आणायला मी स्कूटर घेऊन गेलो. जिन्यात होतो, तेव्हा वर पुण्याहून नव्याने आलेली कुणीतरी बाई छान खणखणीत आवाजात वाचत होती. चौकटीतलं वाक्य आलं. बायका हसल्या. लेखकाला हवं असतं तसंच हसल्या.

मी वर गेलो नाही. चार पायऱ्या चढून त्यांच्या शेजारी उभं राहता आलं असतं. मी खाली उतरून स्कूटरपाशी थांबलो आणि त्या आल्यावर, उशीर झाला का, असं विचारलं. “होगोणा,” त्या म्हणाल्या. चला जाऊ या. एवढंच, आणि कन्नडमध्ये.

त्या दिवसापासून सासूबाई माझ्याशी मराठीत बोललेल्या नाहीत. लेकीशी बोलतात, कदमरावांशी बोलतात. माझ्याशी कन्नड — सावकाश, मला कळेल असं, अहोजाहो करून. बायकोने विचारलं, आईला झालंय तरी काय? वयामुळे असेल, असं मी सांगितलं. हेही मीच सांगितलं.

परवा माझा अंदाज पुन्हा साफ चुकला. कदमरावांनी फाटकाशी गाठलंच. कुठाय पाऊस? सासूबाई वर उभ्या होत्या. मी मान वर करून पाहिलं — खरं सांगतो, वाट पाहिली.

“नाही आला की ओ,” त्या कदमरावांना म्हणाल्या. “कुठंच नाही आला.”

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ऊटक्के बन्नी.” जेवायला या.

मी वर गेलो आणि जेवलो.