साबणाने धुतलेली पाटी

“सर, तिला घरचंच उदाहरण सुचलं! तिच्या आईच्या डोक्यावर असते ना पाटी!”

सानिका पहिल्या बाकावरून बोलली आणि अख्खा वर्ग हसला. बीकॉमचं दुसरं वर्ष, मॅनेजमेंट अकाउंटिंगचा दुसराच तास. सरांनी विचारलं होतं, ओव्हरहेड म्हणजे काय? मी हात वर केला. कॉलेजात पहिल्यांदाच. ओव्हर म्हणजे वर, हेड म्हणजे डोकं, एवढं इंग्रजी मला येत होतं. उभी राहून म्हटलं, “डोक्यावरचा खर्च, सर.”

सरही हसले. ते जास्त लागलं. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: लाइट बिल, वॉचमनचा पगार, गोडाऊनचं भाडं. जो खर्च कुठल्याही एका वस्तूवर टाकता येत नाही, सगळ्यांवर वाटावा लागतो, तो ओव्हरहेड. मी वहीत उतरवून घेतलं. कान तापले होते, अक्षर वेडंवाकडं आलं.

आम्ही खारवी. भाट्याच्या पुलापलीकडे घर. बापूस दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. आई बंदरावर म्हावरं घेते आणि पाटी डोक्यावर ठेवून रत्नागिरीत दारोदार विकते. सानिकाच्या दारातही. म्हणून तर तिला पाटी माहीत. बांगडा आजचा हवा आणि भाव मात्र गेल्या वर्षीचा हवा, असं ते घर. तिच्या वडलांचा आंब्याचा रस डब्यांत भरायचा कारखाना.

त्या दिवसापासून माझं नाव ओव्हरहेड. “ए ओव्हरहेड, नोट्स दे.” “ओव्हरहेड, सरक जरा.” मी नोट्स द्यायची. सरकायचीसुद्धा.

आता खरं सांगते. मला राग कमी यायचा, हेवा जास्त वाटायचा. जळायची मी तिच्यावर. स्कूटी आणि मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर, तेवढ्यावर नाही. सरांनी उदाहरण मागितलं की ती बसल्या जागी म्हणायची, “आमच्या फॅक्टरीत, सर...” फिक्स्ड कॉस्ट? तिच्याकडे मशीन. व्हेरिएबल कॉस्ट? तिच्याकडे डबे, साखर, बायका. बायका म्हणजे सीझनला आंबे सोलायला येणाऱ्या. पुस्तकातला प्रत्येक धडा तिच्या घरात राहायला होता. माझं घर कुठल्याच धड्यात नव्हतं. मला वाटायचं, हिचा एक आठवडा मला द्या. एकच. हिच्या घरात झोपू दे, हिचं आडनाव लावू दे, आणि मग विचारा मला ओव्हरहेड म्हणजे काय ते. देवाशपथ असं वाटायचं. आईची लाजही वाटायची. पण हेवा त्याहून मोठा.

आणि गंमत बघा, विषय मला यायचा. ब्रेक-ईव्हन पॉइंट सरांनी तीन तास शिकवला, निम्म्या वर्गाच्या डोक्यावरून गेला. मला एका फटक्यात कळला, कारण लहानपणी आईबरोबर फिरताना तो मी रोज ऐकायची. बंदरावर मोजलेले पैसे, बर्फ, रिक्षा, एवढं भरून निघालं की आई भर रस्त्यात सुस्कारा टाकायची. “मुद्दल सुटली गो बाय.” त्यानंतर पाटीत जे उरेल ते आमचं. चाचणीत मला सानिकापेक्षा जास्त मार्क पडले. तिने माझा पेपर ओढून बघितला. “ओव्हरहेडला एवढे?” त्या दिवशी मी दोन वेळा भात घेतला.

दिवाळीनंतर कॉलेजात स्पर्धा लागली. दोघींनी मिळून एखादा खरा धंदा घ्यायचा, त्याच्या खर्चाचा तक्ता करायचा आणि हॉलमध्ये सगळ्यांसमोर मांडायचा. परीक्षक म्हणून शहरातले एक सीए येणार होते. ज्या मुलीचं काम आवडेल तिला ते आपल्या ऑफिसात शिकायला ठेवणार होते, पगारासकट. मी जाऊन ते ऑफिस बाहेरून बघून आले. काचेचं दार. आत एक बाई खुर्चीत बसली होती आणि टेबलावर तिच्या नावाची पाटी. आमच्या घरात पाटी म्हणजे एकच. मी त्या काचेसमोर इतका वेळ उभी राहिले की शिपाई विचारायला आला, काय पाहिजे म्हणून.

आणि सानिका स्वतःहून माझ्याकडे आली. “आपण दोघी मिळून करूया? तुझ्या आईचा धंदा घेऊ. एकदम हटके होईल.” चक्क माझ्या नावाने हाक मारली तिने. मी विरघळले. काय सांगू, आनंद झाला मला!

ठरलं असं की तक्ता मी करायचा, बोलायचं तिने. “तुझा हेल येतो ना गं बोलताना,” ती म्हणाली. “आणि ती पाटी आण हां. खरी. पण नीट धुऊन आण, वास नको.”

मी पाटी मागितली तेव्हा आईने एवढंच विचारलं, “कशाला गो?” म्हटलं, कॉलेजात पायजे. तिने दिली. दुसऱ्या दिवशी स्वतः प्लास्टिकचा टब घेऊन जाणार होती. वर म्हणाली, “चुंबळ पन ने, नायतर डोक्याला लागंल.” चुंबळ म्हणजे पाटीखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गुंडाळी. तिच्या जुन्या लुगड्याची, घामाने काळपटलेली. ती मी पिशवीत अगदी तळाला कोंबली.

पाटी नळावर नेली. साबणाची पावडर टाकून घासली. नाक खुपसून वास घेतला. होताच. पुन्हा घासली. मग माझ्या शाम्पूची पुडी फोडली आणि बांबूच्या फटीफटीत बोटं घालून घासली. शेजारीण बघत होती. “लगीन हाय काय पाटीचं?” मी घासतच राहिले.

स्पर्धेच्या दिवशी सानिका नऊवारी नेसून आली. गजरा, नथ, हिरव्या बांगड्या. आईची पाटी डोक्यावर घेऊन ती स्टेजवर आली तेव्हा सुंदर दिसत होती. माझ्या आईपेक्षा छान दिसत होती. आणि बघा माझी जात, तेव्हाही मला हेवाच वाटला. चुंबळ मी काढलीच नव्हती पिशवीतून. तिनेही विचारली नाही. तिला ठाऊकच नव्हतं असं काही असतं ते.

“म्हावरं घ्याऽ म्हावरंऽ!” तिने हाळी दिली. आईचा हेल जसाच्या तसा. हॉल टाळ्यांनी भरून गेला. माझा हेल चालत नव्हता, तिने उसना घेतलेला चालला.

मी कडेला लॅपटॉपपाशी. मागे पडद्यावर माझा तक्ता. ती भराभर इंग्रजीतून बोलली. मुद्दल सुटली, हे शब्द तिने आईच्याच आवाजात म्हटले, लोक पुन्हा हसले. मग सीएंनी चष्मा वर केला. “ह्यात त्या बाईची मजुरी कुठे आहे?”

सानिका हसली. “सर, ती घरचीच ना. तिला कुठे पगार द्यायचा असतो? म्हणून झिरो.”

मी पडद्याकडे बघितलं. स्वतःची मजुरी: शून्य. ते मी टाइप केलं होतं. माझ्या बोटांनी. पहाटे बंदर, मग दुपार टळेपर्यंत डांबर, संध्याकाळी मानेला तेल चोळून घेणारी माझी आई. तिच्यापुढे मी शून्य लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले. सानिकाने मला ओव्हरहेड म्हटलं होतं. मी माझ्या आईला तक्त्यात तेवढीही जागा दिली नव्हती.

तेवढ्यात सानिकाच्या डोक्यावरून पाटी घसरली. चुंबळ नाही, दुसरं काय होणार! तिने दोन्ही हातांनी कशीबशी सावरली आणि हातातला माइक तसाच चालू. “ए ओव्हरहेड, धर गं ही. किती जड आहे!”

रिकामी पाटी होती.

हॉल हसला. मी गेले. पाटी घेतली. तिच्या हातातून माइकही घेतला.

“हा तक्ता मी केलाय. शून्य मीच लिहिलंय. ते चूक आहे. ही पाटी माझ्या आईची आहे. तिची मजुरी धरली तर मुद्दल सुटतच नाही.”

सीए म्हणाले, “मग धंदा चालतो कसा?”

“तिला फुकट राबवून, सर. त्यात मी पण आले.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं. मी पाटी घेऊन खाली उतरले.

बाहेर सरांनी गाठलं. “त्या पोरीची वाट लावलीस. आधी सांगायला काय झालं होतं?” प्रश्न बरोबर होता. आधी मला दिसलंच नव्हतं. बक्षीस दुसऱ्या जोडीला गेलं. सीएंच्या ऑफिसातली खुर्ची मात्र सानिकाला मिळाली. तिच्या वडलांच्या कारखान्याचं काम त्याच सीएंकडे असतं, हे मला नंतर कळलं. अजूनही त्या काचेच्या दारासमोरून जाताना मी मान वळवून बघतेच.

दुसऱ्या दिवशी आई तणतणत घरी आली. “गिऱ्हाईक म्हनतंय, म्हावऱ्याला साबनाचा वास येतोय. काय केलंस गो पाटीला?”

“धुतली.”

“कशाला?”

मग सगळं सांगितलं. शून्यसुद्धा. ती म्हणाली, “माजी मजुरी कोन देनार? येडी काय तू?” आणि चूल पेटवायला गेली.

रविवारी मी तिच्याबरोबर गेले. सानिकाच्या दारात बांगड्याचा भाव मीच सांगितला. तिची आई म्हणाली, “एवढा? गेल्या खेपेला तर...” मी म्हटलं, “ह्यात आईची मजुरी धरलेय, काकू.” आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. सानिका आत सोफ्यावर होती, तिने मान वर केली नाही. काकू म्हणाल्या, “मग नको.” फाटक लागलं.

“झालं समाधान? एक दार गेलं,” आई म्हणाली.

“गेलं तर गेलं.”

मी तिच्याकडून चुंबळ मागून घेतली, डोक्यावर ठेवली आणि पाटी चढवायला लावली. मान खाली दबली. पुढचा रस्ता कॉलेजवरूनच जातो, तिथूनच गेले.

सानिकाचा हेवा गेला नाही. जाऊ पण नये. टेबलावरची ती नावाची पाटी मला हवी आहे आणि ती मी घेणार. पण डोक्यावरची पाटी पुन्हा साबणाने धुणार नाही. मी त्या खुर्चीत बसेन तेव्हा म्हावऱ्याचा वास येईल. ज्याला सोसत नसेल त्याने नाक धरावं.