दगडापाशी ठेवलेली मशाल

सुरुवातीलाच माफी मागतो. या सदरात लिहिणारी मंडळी मोठी आहेत, वयानेही आणि लिहिण्यानेही. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं कुणाकडून तपासून घ्यावं म्हटलं तर तसं घरात कोणी नाही. शिवाय मी जे सांगणार आहे ते एका मोबाइल गेमबद्दल आहे. हे वाचून काही जण इथेच थांबतील, याची मला कल्पना आहे. तरीही लिहितोय, कारण माझ्या काकीने सांगितलं. "तू लिवक शिकलंस मां? मग लिव," एवढंच ती म्हणाली.

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. आमची वाडी कुणकेश्वरच्या दक्षिणेला, समुद्राला लागून आहे. वाडीच्या वेशीवर वडाखाली राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. तिथून मासळी घेऊन जाताना एखादा बांगडा, नाहीतर एखादी विडी दगडापाशी ठेवायची, ही आमच्याकडची रीत. त्याच्या हद्दीतून जातोय तर त्याला सांगून जायचं, असं बाबा म्हणतात. मीही ठेवत आलो. पण त्याचा आणि विश्वासाचा काही संबंध आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं. चप्पल बाहेर काढून घरात शिरतो, तसंच ते.

आता गेमबद्दल. यात तुम्ही स्वतः डंजन बांधता. डंजन म्हणजे भुयार — वाटा, खोल्या, सापळे आणि शेवटी बाहेर पडायचं दार. ते बांधून झालं की जगभरच्या खेळाडूंसाठी खुलं करता येतं. मात्र बांधणाऱ्याने आधी स्वतः ते पार करून दाखवावं लागतं. आणि ज्याचं डंजन असतं त्याला आत असलेल्यांच्या आणि येऊन गेलेल्यांच्या वाटा दिसतात. कोण कुठे वळला, कुठे उडी मारली, कुठे अडकला, हे सगळं फिकट रेघेसारखं उमटतं. रेघेवर बोट ठेवलं की त्या खेळाडूचं नाव येतं.

माझं डंजन मी कॉलेजला जाता-येता एसटीत बांधलं. तोंडाशी एक दगड ठेवला. खेळाडूला सुरुवातीला एक मशाल मिळते. ती दगडापाशी ठेवून पुढे गेलात तर अंधारात चाचपडत जावं लागतं, पण शेवटच्या खोलीत दार मिळतं. मशाल हातात घेऊनच गेलात तर वाट स्वच्छ दिसते... आणि शेवटच्या खोलीला चारी बाजूंनी भिंत. याची सूचना मी कुठेच लिहिली नाही. दगड दिसला की माणूस काहीतरी ठेवणारच, असं मी धरून चाललो होतो. आसपासच्या गावांतल्या मुलांनी ते पटापट पार केलंही. बाकी जगातून मात्र शिव्या आल्या. "दारच नाही", "फसवणूक आहे", आणखी कुठल्या कुठल्या भाषांत काय काय. तेव्हा कुठे माझी चूक माझ्या लक्षात आली. पण तोवर मला त्याची गंमत वाटायला लागली होती, म्हणून तसंच ठेवलं.

आमच्या वाडीतला एकच माणूस त्यात अडकला — नितीन, माझा चुलत भाऊ. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आमची घरं एकाच अंगणात. दहावीनंतर तो ट्रॉलरवर खलाशी म्हणून जायला लागला. मला प्रोफेसर म्हणतो. खऱ्या राखणदारासमोरूनही तो शिट्टी मारत जायचा, मग माझ्या गेममधल्या दगडाची काय कथा! तो बोटीवर गेला की काकी, म्हणजे त्याची आई, मागून जाऊन त्याच्या वाटची विडी दगडापाशी ठेवून यायची. "तो ठेयना नाय, म्हणान मी ठेयतंय," म्हणायची.

गेम खेळताना त्याची एक सवय होती. प्रत्येक वळणाआधी तो जागच्या जागी दोन उड्या मारायचा. का, असं विचारलं तर म्हणायचा, "इंजान गरम करतंय."

शेवटच्या खोलीत तो भिंतीला लागून गोल गोल फिरत बसायचा.

"सांगू काय तुका?" मी विचारायचो.

"सांगलंस तर बघ! मेल्या, माझां मी शोधतलंय."

म्हणून मी कधीच सांगितलं नाही.

गेल्या दिवाळीच्या थोडं आधी दर्यात अचानक वारा उठला. नितीनची बोट खूप बाहेर होती. जाळं ओढताना आलेल्या लाटेने त्याला पाण्यात ओढून नेलं. सोबतच्या खलाशांनी त्याच्या दिशेने डिझेलचे रिकामे कॅन दोरीने बांधून फेकले. त्याने ते धरले की नाही, कुणालाच दिसलं नाही. अंधार पडेपर्यंत शोधून बोट बंदरात आली, ती त्याच्याशिवाय. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्या बोटी बाहेर पडल्या, काका त्यांच्याबरोबर गेले. जाण्याआधी राखणदारासमोर उभं राहून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, माझो झील खंय आसात थंयसून तेका वाट दाखव." आम्ही मागे उभे राहून "व्हय म्हाराजा" म्हटलं. काकांचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि तेच मला ऐकवत नव्हतं.

दुपारी ओट्यावर शेजारपाजारचे येऊन बसले होते. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. गेमची सूचना होती — तुमच्या डंजनमध्ये एक खेळाडू आहे.

बंद करायला म्हणून मी गेम उघडला. आत एक राखाडी रेघ पुढे सरकत होती. बोट ठेवलं तर नाव येईना, जागा नुसती कोरी. दगडाजवळून ती न थांबता गेली. पहिलं वळण आलं... तिथे दोन उड्या. दुसरं वळण, दोन उड्या.

मी ओरडलोच. "काकी! नित्या खेळता हा! खंयतरी जमनीर पोचलो हा तो!"

सगळे उठून उभे राहिले. काकी स्वयंपाकघरातून धावत आली. आणि मग मला आठवलं, की नितीनच्या मोबाइलचा डिस्प्ले फुटला होता आणि तो मीच मालवणात दुरुस्तीला टाकून आलो होतो. लगेच दुकानात फोन लावला. "हंय उघडो पडलो हा तुझो मोबाइल," दुकानदार म्हणाला, "डिस्प्लेच येवक नाय अजून, चालू खंयसून करतलंय?"

लोक पुन्हा खाली बसले. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला, वेड्या पोराच्या पाठीवरून फिरवतात तसा. काकी मात्र माझ्या हातातला मोबाइल घेऊन बघत राहिली. रेघ तोवर शेवटच्या खोलीत पोचली होती.

"ह्यो असो गरगर कित्या फिरता?"

"तेका दार गावना नाय."

"दार नाय काय थंय?"

"आसा. पण आधी दगडाकडे बत्ती ठेवूक व्हयी. ह्येना ठेवल्यान नाय."

काकीने पदराने मोबाइलची काच पुसली. मग म्हणाली, "तो खंय ठेयता! तेच्या नावान तू ठेव."

मी तिला समजावायला लागलो, की गेममध्ये तसं चालत नाही, ज्याची त्याने ठेवायची असते, एकाने ठेवली म्हणून दुसऱ्याला दार मिळत नाही, प्रोग्रामच तसा आहे... तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "ह्यां बांधल्यान कोणी?"

"मी."

"मग?"

मी डंजन दुरुस्तीसाठी उघडलं. दगडापाशी एक पेटती मशाल कायमची ठेवली आणि यापुढे जो कुणी तोंडापासून येईल त्याला दार मिळेल असं केलं. बदल केल्यावर डंजन पुन्हा खुलं करायचं तर आपल्यालाच ते परत पार करावं लागतं. काकीच्या शेजारी बसून मी ते पार केलं. आपण बांधलेल्या वाटेत मी दोनदा चुकलो.

खुलं करून पाहिलं तर राखाडी रेघ शेवटच्या खोलीच्या कोपऱ्यात थांबलेली होती. संध्याकाळपर्यंत ती हलली नाही. काका परत आले ते रिकाम्या हातांनी.

सकाळी उठल्याबरोबर मी मोबाइल पाहिला. आत दुसरी रेघ होती. तशीच राखाडी, बिननावाची. ही पुन्हा तोंडापासून निघाली होती. पण या वेळी ती दगडापाशी थांबली होती. बराच वेळ थांबली असावी, कारण तिथे रेघ दाट झाली होती. मग आत, वळणावळणाला दोन उड्या, शेवटची खोली, दारासमोर दोन उड्या... आणि बाहेर.

मी काकीला दाखवलं. तिने मोबाइल कपाळाला लावला. काका चहा पीत होते. त्यांनी विचारलं, "भायर म्हणजे खंय?"

काकी चुलीकडे वळली.

तो प्रश्न मात्र माझ्या मनातून जाईना. दार मी बांधलं होतं. त्या दारापलीकडे मी काहीच बांधलेलं नाही. गेममध्ये तिथे पडदा पांढरा होतो आणि संपतं. नितीन आत अडकला होता तोवर निदान कुठेतरी होता, असं मला वाटायला लागलं. आता आपण त्याला कुठल्या बाजूला जाऊ दिलं? हे मी कुणालाच सांगितलं नाही. काकी समोर आली की मी पुस्तक उघडून बसायचो.

दिवस जात राहिले. बोटींनी शोध थांबवला. दिवाळीला आमच्या अंगणात कंदील लागला नाही. नात्यातली माणसं काकांना हळू आवाजात पुढच्या विधींचं सुचवू लागली. काका मान हलवायचे, ती होकाराची की नकाराची, समजायचं नाही. काकी मात्र सरळ सांगायची, "तो भायर पडलो हा. कोणी कायेक करू नको." आणि ती माझ्याकडे बघायची, जणू मी साक्षीदार होतो. त्या गेमच्या भरवशावर ती बाई जेवत होती, झोपत होती, आणि ते खोटं ठरलं तर काय, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

माझा एक मित्र इंजिनीअरिंगला आहे. त्याला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, सर्व्हरवर नितीनचीच एखादी जुनी वाट पडून राहिली असेल आणि ती उशिरा दिसली असेल. पहिल्या रेघेपुरतं मी ते मान्य करतो. पण नितीनने ते डंजन कधीच पार केलं नव्हतं, मग बाहेर पडल्याची त्याची जुनी वाट येणार कुठून? मित्र म्हणाला, दुसरा कोणीतरी असेल, दोन उड्या काय कुणीही मारतं. असेलही. मी गेमवाल्यांनाही लिहिलं, त्यांचं उत्तर आलं नाही. दोन्ही रेघा दुसऱ्या दिवशी पुसल्या गेल्या, पुसल्या जातातच. त्यांचा फोटो काढून ठेवायचं तेव्हा सुचलं नाही, म्हणून दाखवायला माझ्याकडे काहीही नाही. स्पष्टीकरण तर आजही नाही. इथे कुणाला सुचलं तर जरूर सांगा, मी मनापासून ऐकेन. मी फक्त शेवटी आलेला फोन लिहितो आणि थांबतो.

रविवार होता. काकी अंगणात सुकी मासळी वाळत घालत होती, मी कावळे हाकत बसलो होतो. अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे वाऱ्याचा आवाज, माणसांची गडबड, कुठली तरी वेगळी भाषा.

"प्रोफेसर?"

मी काकीला हाक मारली.

"आवशीक सांग, जिवंत आसंय."

मी फोन स्पीकरवर टाकला. त्याचा आवाज बसलेला होता. कॅन धरून तरंगत असताना खाली दक्षिणेकडच्या एका बोटीने त्याला उचललं. त्यांचा वायरलेस बंद पडला होता आणि फेरी लांबची होती. हा तापाने फणफणून पडलेला. आता कर्नाटकातल्या एका बंदरात उतरला होता. आम्ही दोघांनी सिमकार्डं एकदम घेतली होती, त्याच्या आणि माझ्या नंबरात शेवटच्या आकड्याचाच फरक. त्यामुळे फक्त माझाच नंबर त्याला पाठ होता.

काकी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती, हात मासळीचेच. काका घरातून बाहेर आले.

"आणि ऐक रे," नितीन म्हणाला, "पाण्यात झोप येय होती. झोपलंय असतंय तर संपलंय असतंय. म्हणान तुझां ता भुयार मनातल्या मनात खेळत ऱ्हवलंय. भिंतीक धरून फिर फिर फिरलंय, दार काय गावना. मगे परत पयल्यापासून सुरू केलंय, तर..." तो खोकला. "तर दगडाकडे बत्ती पेटलेली. ती आधी नाय होती, प्रोफेसर. थंय बत्ती कोणी ठेवल्यान?"

मी काकीकडे पाहिलं. तिने मोबाइलजवळ तोंड नेलं.

"मी ठेवूक लावलंय," ती म्हणाली. "आता सांग, जेवलंस काय?"