वाइंडिंगवाल्यांची घाई

जळलेली मोटार सकाळी आणून टाकावी आणि संध्याकाळी फिरती घेऊन जावी, अशी वाइंडिंगवाल्यांच्या दुकानाची ख्याती होती. नवी तार भरून झाली की मोटार तासभर चालवायची, तिच्या पाठीवर तळहात ठेवायचा. हात टिकला की पास. या तासाने त्यांना जन्मात कधी दगा दिला नाही. दुकान बंद झालं, पण घाई काही अंगातून गेली नाही. "यम दारात आला तरी हे त्यालाच म्हणतील, चला, आटपा," असं त्यांची बायको म्हणायची.

मग तीच अंथरुणाला खिळली. डॉक्टर महिना-दीड महिन्याची भाषा बोलू लागले. तिचं मागणं एकच होतं. लग्नाआधी तिने एका नाटकात काम केलं होतं, त्याची व्हिडिओ कॅसेट घरात होती. कॅमेरा क्षणभर प्रेक्षकांकडे वळतो, तिथे पहिल्या रांगेत तिची आई बसलेली. आई त्याच वर्षी गेली, फोटो एकही उरला नाही, आणि कॅसेटवर सगळे चेहरे म्हणजे नुसते पांढरे डाग.

"एकदा आईला बघू द्या हो मला."

भाच्याने कॅसेट घरच्या कॉम्प्युटरवर उतरवली आणि जुनं चित्र स्वच्छ करणारा प्रोग्रॅम टाकून दिला. "आठवडा लागेल, मामा. आणि मधे बंद पडला तर परत पहिल्यापासून."

आठवडाभर थांबणं मामांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी प्रोसेसरचा वेग ठरल्यापेक्षा चढवला. याला ओव्हरक्लॉक म्हणतात, हे त्यांना भाच्याकडूनच कळलं होतं. तासभर चालवला, हात लावून पाहिला, पास केला. दुसऱ्या दिवशी दुपारी पडदा काळाठिक्कर.

त्यांनी व्होल्टेज थोडं वाढवलं. रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा घट्ट बसवल्या. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. डबा उघडा टाकून समोर टेबलफॅन लावला. दर वेळी तासाची परीक्षा पास, आणि दर वेळी कॉम्प्युटर अर्ध्या वाटेत मान टाकायचा.

"मामा, वेग मूळचा करा ना. मुकाट्याने चालेल."

"तेवढा वेळ आहे का तुझ्या मामीकडे?" ते खेकसले.

आतून बारीक आवाज यायचा, "आली का माझी आई?"

"आज येते बघ."

"येऊ दे सावकाश. ती काही तुमच्यासारखी उतावळी नव्हती."

ती गेली त्या सकाळी काम पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेलं होतं.

तेरावं उलटल्यावर मामांनी वेग मूळचा केला. आता कशाचीच घाई नव्हती. आठवड्याने काम बिनबोभाट पुरं झालं. तिच्या आजारपणात ते सहज झालं असतं, एकदा सोडून तीनदा झालं असतं, हे कळायला त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. ते खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले.

मग दोघांनी चित्र लावलं. कॅमेरा वळला. पहिल्या रांगेत पाच बायका, अगदी स्वच्छ. कानांतल्या कुड्यासुद्धा मोजून घ्याव्यात.

"यातल्या मामीच्या आई कोणत्या?"

मामांनी सासूबाईंना कधी पाहिलंच नव्हतं. एकीची हनुवटी बायकोसारखी वाटली, दुसरीचं हसू. त्यांनी चित्र थांबवलं, पाचही चेहरे पुन्हा पुन्हा पाहिले.

"ते तिलाच माहीत होतं रे," ते म्हणाले.