धुरपताबाईच्या दशम्या

नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याजवळच्या आमच्या गावात धुरपताबाईइतकी हट्टी बाई दुसरी नाही. तोंडावर सांगितलं तरी ती "मग?" एवढंच म्हणते. एकुलत्या एका लेकीला, उज्वलाला, सातवा लागला तसं बाईनं घरात जाहीर करून टाकलं की पहिलं बाळंतपण माहेरीच, मी पोरीला घेऊन येते. जावई सुदर्शन तिकडं कोकणात, देवगडला, झेडपीच्या शाळेवर मास्तर. नवरा व्यंकटराव म्हणाले, "मी येतो संगं." "अन् म्हशी कोण बघंल?" म्हणून बाईनं त्यांना गप केलं.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं आठ दिवस पुरतील एवढ्या दशम्या केल्या. त्यांच्या घराण्याची रीतच तशी. लेकीला मूल होईस्तोवर आईबापानं तिच्या घरचा घास घ्यायचा नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. उज्वलाच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. लग्नाआधी म्हणावं, तर पोरगी नांदेडला होस्टेलवर राहून शिकलेली. सुट्टीत घरी आली की "तू पुस्तक वाच, भाकरी मी थापते," म्हणून बाईनंच तिला कधी चुलीपुढं बसू दिलं नाही. लग्नानंतर माहेरपणाला आली तरी तेच. तेव्हा लेकीच्या हातचं कसं लागतं, हे तिलाही ठाऊक नव्हतं अन् व्यंकटरावांनाही.

नांदेडहून कोल्हापूर, कोल्हापूरहून देवगड, अंगाचा पार खुळखुळा करून बाई पोचली. दारात उज्वला उभी होती. पोट पुढं आलेलं, तोंड सुजलेलं. उज्वलानं सवयीनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि मग आठवण होऊन तसाच मागं घेतला. बाई शेजारच्या सिंधुताईंकडं जाऊन पाणी पिऊन आली. पुढं रोज तीन-चारदा तिची ही वारी सुरू झाली. सिंधुताई हसायच्या, पण तांब्या भरून द्यायच्या.

जेवायला मायलेकी समोरासमोर बसायच्या. लेकीच्या ताटात वरणभात, आईपुढं फडक्यात दशमी आणि शेंगदाण्याची चटणी.

"माय, वाटीभर वरण घे न."

"लेकरू होऊ दे तुझं, मग पातेलं पुसून खाते."

उज्वला मान खाली घालून जेवायची.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी उज्वलाचं बीपी बघितलं आणि बजावलं की प्रवास बिलकूल करायचा नाही, बाळंतपण इथंच. स्वतंत्र गाडी केली तरी नाही. गावाकडं धुरपताबाईनं नवी बाज विणून ठेवली होती, डिंक आणून ठेवला होता, खिडकीला जाड पडदा लावला होता. मनातल्या मनात लेक त्या बाजेवर कधीच येऊन निजली होती. तिला लेक घरी पाहिजे होती, दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

चौथ्या दिवशी दुपारी फडकं सोडलं तर दशम्यांवर पांढरी बुरशी. आपल्याकडच्या कोरड्या हवेत दशमीला आठ दिवस काही होत नाही. समुद्राच्या दमट वाऱ्याचा अंदाज लोह्याच्या बाईला कुठून असणार?

उज्वला दारात उभी राहून बघत होती. "म्हणजे आता तू जाणार," ती म्हणाली. "जा माय. दोन महिने लोकाच्या दारात कितींदा जाशील? मी राहते. पण मला लई भ्या वाटून राहिलं."

धुरपताबाई भिंतीला टेकून खाली बसली. तिला तिची माय आठवली, नीलाबाई. धुरपताला लग्नानंतर नऊ वर्षं मूल नव्हतं. नऊ वर्षं नीलाबाई वर्षातून दोनदा यायची, भाकर बांधून आणायची, ओसरीवर बसून खायची आणि तहानलेलीच एसटी धरायची. धुरपताला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात नीलाबाई वारली. माय आपल्या घरचा एक घास न खाता गेली, हे दुखणं धुरपतानं आजवर कुणापाशी काढलं नव्हतं. गावात दुसऱ्यांच्या सुनांना तीच रीत ती ठणकावून सांगायची आणि घरी येऊन मायसाठी रडायची.

"काय केलीस आज?" तिनं विचारलं.

"भेंडी. अन् वरण."

"वाढ."

उज्वला जागची हलली नाही.

"वाढ म्हणलं न. मला दोन महिने ऱ्हायाचं हाय. उपाशी किती दिस ऱ्हाऊ?"

भेंडी जराशी करपली होती, वरणात मीठ जास्त झालं होतं. एरवी बाईनं पाच माणसांत बोलून दाखवलं असतं. आज ती मागून घेऊन दोनदा जेवली आणि वर तांब्याभर पाणी प्यायली. उज्वला पदराआड डोळे पुसत वाढत होती.

संध्याकाळी बाईनं व्यंकटरावांना फोन लावला. "मी आता बाळंतपण उरकूनच येते. म्हशींचं बघा."

"अन् तुझ्या जेवणाचं?"

"लेकीच्या घरी जेवले मी आज."

आता बोलणी बसणार म्हणून बाई तयारच होती. दोन शब्द उलट ऐकवायचे तेही तिनं ठरवून ठेवले होते.

पण व्यंकटराव हळूच म्हणाले, "कसा करती गं सैपाक, आपली उज्वला?"