प्लग काढलेला टर्मिनल आणि अकराची ओळ

आधीच सांगतो — भूत, करणी, बाहेरचं वगैरे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही. घरी सत्यनारायण असला की मी प्रसादापुरता हजर. आणि 'यूपीएस चालू राहिला असेल हो' असं खाली लिहायला ज्यांची बोटं शिवशिवताहेत, त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं. यूपीएस मला तुमच्यापेक्षा जास्त कळतो.

१९९७ साल. सातपूरला स्पेअर पार्ट्सचा एक कारखाना, पहिल्या मजल्यावर काचेची एसी खोली. आत युनिक्सचा सर्व्हर, त्याला जोडलेले चार टर्मिनल — म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड — आणि कोपऱ्यात माझा डॉसचा पीसी. माउस नाही, चित्रं नाहीत, काळ्यावर हिरवी अक्षरं. मला त्यातच मजा यायची. डॉसचा प्रॉम्प्ट बदलून 'बोला महाराज' करायचं, युनिक्सच्या बॅनर कमांडनं कुणाचं तरी नाव वीतभर अक्षरांत छापायचं, राइट कमांडनं दुसऱ्याच्या टर्मिनलवर शिव्या पाठवायच्या...

शिव्या बहुतेक निकम काकांना. काका सीनियर ऑपरेटर, मखमलाबादचे, घरची झेंडूची शेती. पहिल्याच दिवशी मी चपला घालून खोलीत गेलो तर सगळ्यांसमोर म्हणाले, "ए इंजिनियर, गोठ्यात जायचं आसंल तर तसाच जा. हितं नाय." सगळे हसले. मला त्या वाक्याचा आजही राग येतो, खोटं कशाला बोलू.

दसऱ्याला तर यांचा वेगळाच थाट. खाली कामगार प्रेस मशीनची पूजा करायचे, वर काका कॉम्प्युटरची. प्रत्येक मशीनचा प्लग बोर्डातून काढून मशीनच्याच डोक्यावर ठेवायचे. प्लगलाही हळदकुंकू, वर शेतातल्या झेंडूचा हार. "आज हिला आराम. कोनी चोरून चालू करायची नाय."

तर त्या श्रावणात मी एक उद्योग केला. ठरलेल्या वेळी ठरलेलं काम आपोआप करायची सोय युनिक्समध्ये असते, तिला क्रॉन म्हणतात. त्यात मी लिहून ठेवलं — रोज सकाळी अकराला, फक्त काकांच्या टर्मिनलवर, रोमन अक्षरांत एक ओळ टाकायची : 'काका घरी जा.' दहा सेकंदांनी पुसून टाकायची.

पहिल्या दिवशी काका ताडकन उठले. "ए, हे काय आलंय, बघा रे!" आम्ही जाईपर्यंत पडदा कोरा. रोज तेच. पुढे पुढे ते अकराला पाच कमी असतानाच चष्मा पुसायला लागायचे आणि हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवायचे. मी कोपऱ्यातून बघत असायचो. मजा वाटायची.

शेवटी काका साहेबांकडे गेले. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि काकांसमोर विचारलं, "हा तुझा उद्योग आहे का? असेल तर आत्ता सांग, विषय इथेच संपेल."

"नाही साहेब. आईशपथ."

ती ओळ मी सकाळीच काढून टाकली होती. काका नुसते माझ्याकडे बघत राहिले. साहेबांनी त्यांना 'डोक्याला जरा आराम' म्हणून गेटवरच्या वजनकाट्यावर पाठवलं. येणारा-जाणारा ड्रायव्हरसुद्धा विचारायचा, "काय काका, आज आला का निरोप?" महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिली होती.

मग दसरा आला. काका नसले तरी पद्धत तीच ठेवली. सर्व्हर बंद, यूपीएस बंद, सगळे प्लग बाहेर. खाली पेढे वाटत होते. मी वर पाकीट विसरलो होतो, ते आणायला गेलो. भिंतीवरच्या घड्याळात बरोबर अकरा.

काकांच्या टर्मिनलवर हिरवी ओळ होती. घरी जा. पण सुरुवातीला 'काका' नव्हतं, माझं नाव होतं.

प्लग मशीनच्या डोक्यावरच होता, कुंकवासकट, हाराखाली. मी पडद्याच्या काचेला हात लावला — गरम! किंचाळलोच. साहेब आणि दोघेजण धावत आले. तोवर पडदा काळा, काच गार. साहेब माझ्याकडे बघत राहिले. ती नजर माझ्या ओळखीची होती, कारण काकांकडे त्यांनी तसंच बघितलं होतं.

मी नोकरी सोडली. गंगापूर रोडच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागलो. तिथे काही वर्षांनी एक्सपीच्या कमांड विंडोत पोरांना पिंग, म्हणजे नेटवर्क तपासायची कमांड, शिकवत होतो, अकरा वाजले आणि ओळ आली. लिनक्स टाकलं, तिथेही आली. नेटवर्कची केबल उपटली, तरी येतेच. फक्त मला दिसते. भास म्हणाल... काकांनाही आम्ही तेच म्हणालो होतो.

२००५ मध्ये मखमलाबादला गेलो. काका झेंडू तोडत होते. म्हटलं, "काका, ते मी केलं होतं."

"ठाऊक हाय," मान वर न करता म्हणाले. "केबिनमधीच कळलं व्हतं. बघत व्हतो, आता बोलशील, मग बोलशील."

"मग आता हे... तुम्ही करता?"

"मी? त्या खोलीतून निघालो तवापासून मशीनला हात नाय लावला."

"मी साहेबांना जाऊन सांगतो सगळं."

आता त्यांनी वर बघितलं. "साहेब गेल्या साली वारले. मला येडा समजूनच गेले. जा तू."

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. ओळ कुठून येते, मला माहीत नाही. सगळं उघडून, तपासून झालंय. परवा वर्गात पुन्हा आली, मी पोरांना "बघा, बघा" म्हणून ओरडलो. 'आम्ही काही केलं नाही' म्हणून पोरांनी शपथा घेतल्या. खऱ्या असतील, खोट्या असतील, मला आता चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. इन्स्टिट्यूटच्या मॅडम आल्या, कोऱ्या पडद्याकडे बघितलं आणि फार प्रेमानं म्हणाल्या,

"सर, तुम्ही आता घरी जा."